ताळा जुळल्याशिवाय निकाल नको

गेल्या वर्षी अॅथलेटिक्सची ट्रॉफी आमच्या हाऊसला मिळाली आणि दुसऱ्याच दिवशी ती परत द्यावी लागली. चूक माझी होती. गुणांची एक्सेल शीट मी केली होती.

स्पर्धेत १६ प्रकार होते. पहिल्याला ५, दुसऱ्याला ३ आणि तिसऱ्याला १ गुण. म्हणजे एकूण ४८ नोंदी. पहिल्या ओळीत मथळे, दुसऱ्या ओळीपासून नोंदी. बेरजेसाठी मी समइफ हे सूत्र वापरले. ते एका कॉलममध्ये हाऊसचे नाव शोधते आणि जिथे नाव जुळेल तिथले दुसऱ्या कॉलममधले गुण मिळवते. त्याचेच भावंड काउंटइफ, ते अशा नोंदी किती आहेत एवढेच मोजते. पहिल्या हाऊसपुढे सूत्र लिहिले आणि खाली ओढून चारही हाऊसना लावले. आकडे आले ४०, ३३, २९ आणि ३७. आम्ही पहिले!

रात्री प्रेपनंतर चौथ्या हाऊसचा सातवीतला एक कॅडेट वही घेऊन आला. म्हणाला, "सर, आमचे ४२ होतात."

"कॉम्प्युटरने केलंय रे," मी हसून म्हणालो. तो काही बोलला नाही, पण वही पुढे धरून उभा राहिला.

शेवटी मी शीट उघडली. सूत्र खाली ओढले की त्यातली कक्षाही दर वेळी एक ओळ खाली सरकते. पहिल्या हाऊसची मोजणी दुसऱ्या ओळीपासून होती, चौथ्याची पाचव्या ओळीपासून सुरू झाली होती. आणि दुसऱ्या ओळीत होता १०० मीटरचा पहिला क्रमांक, त्यांच्याच धावपटूचा. ५ गुण गेले आणि ट्रॉफीही गेली. ओळीच्या आकड्यापुढे डॉलरचे चिन्ह टाकले असते, तर कक्षा जागेवर राहिली असती.

त्याच रात्री हाऊसमास्टर सरांना सांगितले. सकाळच्या असेंब्लीत निकाल बदलला.

त्यानंतर काही जण म्हणाले, "यापेक्षा कागदावरच करा." मला ते पटत नाही. हाताने केलेली बेरीजही चुकते. सूत्र दिलेला हुकूम अक्षरशः पाळते, त्यामुळे चुकीच्या हुकमाची जबाबदारी हुकूम देणाऱ्याची. माझी खरी चूक डॉलरची नव्हतीच. मी ताळा केला नाही, ही खरी चूक. प्रत्येक प्रकाराचे ९ गुण, म्हणजे १६ प्रकारांचे १४४ व्हायलाच हवेत. माझ्या चार आकड्यांची बेरीज १३९ येत होती. अर्ध्या मिनिटाचे काम होते. पण आपले हाऊस पहिले आलेले दिसल्यावर ते करावेसे कोणाला वाटते?

हाऊसच्या नावापुढे चुकून एक रिकामी जागा पडली, तरी सूत्राला ते नाव वेगळे वाटते आणि ती नोंद गळते. तीही ताळ्यात सापडते. मात्र एका हाऊसचे गुण दुसऱ्याच्या नावावर लिहिले गेले, तर ताळा जुळूनही निकाल चुकतो. त्यासाठी पंचांच्या चिठ्ठ्या दुसऱ्या कोणीतरी मोठ्याने वाचाव्यात, आणि तो दुसरा प्रतिस्पर्धी हाऊसचा असावा.

म्हणून माझे म्हणणे दोन गोष्टींचे आहे. ही दोन सूत्रे सातवीपासूनच शिकवावीत, तीही आपल्याच हजेरीवर आणि आपल्याच गुणपत्रकावर. पालकांनाही सुट्टीत घरखर्चाच्या यादीवर मुलांकडून ती करून घेता येतील. आणि ताळा जुळल्याशिवाय कोणताही निकाल वाचला जाऊ नये.

तो सातवीतला कॅडेट आता आठवीत आहे. या वर्षीची शीट मी त्याच्याकडून तपासून घेणार आहे.