मागे बसलेला गायक

वसई रोडहून गुजरातकडच्या गाडीत बसलं की डहाणू, उंबरगाव, संजाण मागे पडतात आणि वलसाड येतं. बलसारा हे पारशी आडनाव तिथलं. फ्रेडी मर्क्युरी हा मूळचा फारोख बलसारा, हे कळल्यावर आमच्या कामणमधल्या पोरांची छाती उगाच फुगते. फुगू द्या. मला मात्र त्याच्या आडनावापेक्षा त्याच्या पाचगणीत जास्त रस आहे.

१९४६ साली झांझिबारला जन्मलेल्या या मुलाला आईवडिलांनी आठव्या वर्षाच्या सुमारास पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत धाडलं. तिथे १९५८ मध्ये पाच पोरांनी 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. शाळेच्या कार्यक्रमांत लिटल रिचर्ड, क्लिफ रिचर्ड यांची गाणी ते वाजवत. गंमत अशी, की या बँडचा मुख्य गायक फारोख नव्हता. गायचा ब्रूस मरे, फारोख पियानोवर. रेडिओवर एकदा ऐकलेली चाल तो लगेच वाजवून दाखवायचा, असं त्याचे सोबती सांगत आले आहेत. त्याच्यावरच्या २०१८ च्या चित्रपटाने ही पाचगणी पडद्यावर आणलीच नाही. मिशा आणि रोषणाई दाखवायची घाई, दुसरं काय.

साथीला बसणाऱ्याला जे कळतं ते माइक हातात धरणाऱ्याला उशिरा कळतं. गाणारा श्वास कुठे घेणार, शब्द कुठे सोडणार, समोरची माणसं कधी कंटाळणार, हे सगळं साथीदार आधी ओळखतो. मराठी रसिकाला यात नवल वाटू नये. भास्करबुवा बखल्यांच्या मागे पेटी धरणाऱ्या गोविंदराव टेंब्यांनीच १९११ साली 'मानापमान' नाटकाला चाली दिल्या. आणि 'अयोध्येचा राजा' या चित्रपटात ते स्वतः हरिश्चंद्र झाले, तेही गाऊन.

फारोखचं पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. १९६४ च्या क्रांतीनंतर कुटुंब झांझिबार सोडून इंग्लंडला गेलं, १९७० मध्ये 'क्वीन' उभं राहिलं. लोक त्याला रॉकचा राजा म्हणतात. माझं मत विचाराल तर तो मुळात संथ, भावगर्भ गाण्यांचा माणूस. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्या ५ मिनिटं ५५ सेकंदांतला गदारोळ लक्षात राहतो, पण गाणं उभं राहतं ते सुरुवातीच्या पियानोवर. 'वी आर द चॅम्पियन्स' आज प्रत्येक क्रिकेट टुर्नामेंटच्या बक्षीस समारंभात कर्ण्यातून ओरडतं, तेही मुळात पियानोवरचंच संथ गाणं आहे, आणि लोकांनी सोबत गावं म्हणूनच रचलेलं.

सगळ्यात बोलकं उदाहरण 'लव्ह ऑफ माय लाइफ'. १९७५ च्या रेकॉर्डमध्ये हे गाणं तो पियानोवर बसून म्हणतो. मंचावर मात्र बँडमधल्या ब्रायन मेची गिटार तेवढी उरली आणि फ्रेडी उभा राहिला. १९८१ मध्ये बँड दक्षिण अमेरिकेत गेला. साओ पावलोच्या मोरुंबी स्टेडियममध्ये लाखाहून जास्त माणसं. बहुतेकांची भाषा पोर्तुगीज, तरी इंग्रजी गाणं त्यांनीच म्हटलं. जगातला एवढा मोठा गायक तेव्हा काय करत होता? ऐकत होता, खुणेने उचलून देत होता. म्हणजे साथ करत होता. पाचगणीत ब्रूससाठी केलं तेच आता लाखभर लोकांसाठी. १९८५ च्या 'लाइव्ह एड' मैफिलीतल्या वीसेक मिनिटांत वेम्बलीभर जे घडलं, त्याचीही तालीम हीच.

आमच्याकडे मात्र गाण्याच्या क्लासला पोर घातलं की तिसऱ्या महिन्यात पालक विचारतात, टीव्हीवर कधी जाणार? मागे वाजायला तयार ट्रॅक असतोच, त्यामुळे दुसऱ्याच्या गळ्याकडे कान देण्याची वेळच येत नाही. वसईत चर्चच्या क्वायरमध्ये ऑर्गनवर बसणारी आणि गावच्या भजनात पेटी धरणारी मुलं अजून आहेत, पण बक्षिसाची ढाल कायम गाणाऱ्याच्या हातात. येत्या गणपतीत तालुक्यातल्या गायन स्पर्धा भरतील. आयोजकांनी ट्रॅकला बंदी घालावी आणि पहिलं बक्षीस साथीदाराला द्यावं, एवढं तर करून बघा.