तंजावरची परिषद आणि तंजावर

परिषदेस गेलेल्या माणसाने कामकाज आटोपताच परतीची गाडी धरावी, वाटेत कोठे रेंगाळू नये, आणि रेंगाळलाच तर त्याचा उच्चार कार्यालयात करू नये, असा एक अलिखित शिरस्ता आपल्याकडील बहुतेक संस्थांतून रूढ झालेला आहे. दौऱ्याच्या नावाखाली संस्थेच्या पैशाने सहल होते, ही त्यामागील शंका सर्वस्वी निराधार आहे असे म्हणता येत नाही. तथापि तिच्या निराकरणाचा मार्ग अगदी सरळ आहे. दौऱ्यास जोडून रजेचा अर्ज आगाऊ द्यावा, मंजुरी हाती घ्यावी, रजेच्या दिवसांचा भत्ता मागू नये, आणि परिषदेच्या प्रत्येक बैठकीस वेळेवर हजर राहावे. एवढे केल्यावर जो काळ उरतो तो सर्वस्वी आपला. आणि तो त्या गावास व तेथील स्नेह्यांस न देता जो परततो, तो परिषदेचाही पुरता लाभ घेत नाही, असे माझे ठाम मत आहे.

गेल्या हिवाळ्यात जुन्या हस्तलिखितांच्या जतनासंबंधीच्या एका परिषदेनिमित्त तंजावरला जाण्याचा योग आला. ताडपत्रांना गवती चहाचे तेल लावले असता ती लवचिक राहतात व कसर दूर राहते, काजळी चोळली असता कोरलेली अक्षरे पुन्हा उठून दिसतात, इत्यादी विषयांवर सभागृहात जे ऐकले ते मोलाचे होते. पण दक्षिणेतील देवालये दुपारी बंद होतात आणि बैठका चालतात दहा ते पाच, त्यामुळे पहाटेचा काळ राखून ठेवणे प्राप्तच होते. बृहदीश्वराच्या प्राकारात सकाळी सहाच्या सुमारास जो प्रवेश करतो, त्याला पायाखालच्या फरशीचा थंडपणा आणि माथ्यावरच्या विमानावर हळूहळू उतरणारे ऊन, दोन्ही एकदम लाभतात.

राजराज चोळाने 1010 साली पूर्ण केलेल्या या देवालयाचे विमान सुमारे 216 फूट उंच आहे, आणि पाहणारा साहजिकच वर पाहत राहतो. माझ्यासारख्या दप्तरात आयुष्य घालविलेल्या माणसाची दृष्टी मात्र खाली, जोत्याकडे वळली. देवाला दिलेले दागिने, गावोगावच्या जमिनी, सेवेसाठी आणविलेल्या 400 नर्तकींची नावे आणि कोणत्या आळीतले कोणते घर कोणास दिले त्याची नोंद, असा सारा कारभार तेथे तमिळ अक्षरांत दगडावर उतरविलेला आहे. त्याच आवारात, नैऋत्येच्या बाजूस, दुसऱ्या सरफोजी महाराजांनी 1803 साली कोरविलेला भोसले वंशाच्या चरित्राचा मराठी शिलालेख आहे. तो रचला बाबूराव चिटणिसांनी. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी ज्या प्रांती गेले, त्या प्रांती सव्वाशे वर्षांनंतरही आपल्या घराण्याची हकीकत मराठीत, आणि तीही चोळांच्या देवालयात, दगडावर लिहावीशी वाटली. राज्याचा कारभार तर 1799 सालीच इंग्रजांच्या हाती गेलेला होता. सत्ता गेल्यानंतर चारच वर्षांनी एक राजा आपल्या वंशाचा इतिहास अशा चिरस्थायी द्रव्यावर नोंदवितो, याचा अर्थ त्या भिंतीसमोर उभे राहिल्यावर जितका उमगतो तितका सभागृहातील पडद्यावर चित्र पाहून उमगला नव्हता. मी तो लेख सावकाश वाचीत राहिलो, आणि पहिल्या बैठकीस धावतपळतच पोहोचलो.

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाविषयी सविस्तर लिहिण्यास हे स्थळ अपुरे आहे. नायक राजांच्या काळापासूनचा हा संग्रह सरफोजींनी जिवापाड वाढविला, काशीयात्रेतूनही ग्रंथ आणविले, आणि तेथील मराठी हस्तलिखितेच तीन हजारांच्या घरात आहेत, एवढेच सांगून पुढे जातो.

पुढे जातो तो माझ्या स्नेह्याच्या घरी. विद्यार्थिदशेत पुण्यास आम्ही एकाच खोलीत राहत असू. त्याचे घराणे राजेमंडळींच्या आश्रयाने तिकडे गेलेल्यांपैकी; दाराबाहेर तमिळ आणि उंबऱ्याच्या आत मराठी, असा क्रम त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. परिषदेच्या दिवसांतही आपल्याकडेच उतरावे असा त्याचा फार आग्रह होता. तो मी मानला नाही. दिवसभर बैठकांत गुंतलेला आणि रात्री थकून येणारा पाहुणा यजमानाच्या घराची घडी मोडतो, आणि स्वतः ना कामाचा राहतो ना गप्पांचा. परिषद संपली, निरोपाची भाषणे झाली, त्यानंतरच मी सामान घेऊन त्याच्या दारी गेलो. मग मात्र घड्याळाकडे पाहिले नाही.

त्याच्या मातोश्रींनी माझ्या पुणेरी उच्चारांची मौजेने चौकशी केली, वहिनींनी केळीच्या पानावर भात वाढला, आणि दुसऱ्या सकाळी आम्ही दोघे कावेरीकाठच्या तिरुवैयारूस गेलो, जेथे त्यागराजांची समाधी आहे. सरफोजी आणि त्यागराज हे समकालीन. एकाच्या ग्रंथशाळेत आणि दुसऱ्याच्या समाधीपाशी लागोपाठ जाणे घडले, ते स्नेह्यामुळेच. परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेत या गावाचे नावही नव्हते. पत्रिका आखणाऱ्यांनी एक अर्धा दिवस मोकळा ठेवण्याची तजवीज केली, तर परगावच्या प्रतिनिधींवर मोठे उपकार होतील.

दुपारी त्याने माळ्यावरून एक रुमाल उतरविला. त्यात आजोबांच्या वेळेपासून बांधलेले मोडी कागद होते. घरात ते वाचणारे कोणी उरले नव्हते, पण टाकण्याचा धीरही कोणास झाला नव्हता. आम्ही ओसरीवर बसून ते एकेक उलगडले. बहुतेक जमाखर्चाचे होते: भाताची आवक, गड्यांची मजुरी, एका लग्नातील आहेरांची यादी. मातोश्री जवळ येऊन बसल्या, आणि यादीतील नावे मी वाचीत गेलो तसतशा त्या प्रत्येक माणसाचे नाते, गाव आणि पुढे काय झाले ते सांगत गेल्या. कागदात जे नव्हते ते त्यांच्या स्मरणात होते, आणि त्यांना जे आठवत नव्हते ते कागदात. कसर लागलेल्या पानांना काय करावे हे दोनच दिवसांपूर्वी ऐकलेले असल्यामुळे मी ती वेगळी काढली, आणि त्यांच्या प्रती करून मूळ कागद ग्रंथालयाच्या स्वाधीन करावेत अशी मसलत झाली. संध्याकाळी तिरुचिरापल्लीकडे निघण्याची वेळ झाली तेव्हा निम्मा रुमाल वाचून झाला होता. उरलेला वाचण्यासाठी मी उन्हाळ्यात रजा टाकली आहे. त्या वेळी तंजावरला कोणतीही परिषद नाही.