विश्लेषण : आवाज कमी करणारे काडतूस जनावराला तडफडवते का?

अमेरिकेत, विशेषतः टेक्सासमध्ये, पिकांची नासधूस करणाऱ्या रानडुकरांची शिकार रात्रीही चालते. पहिल्याच बाराने कळप पळू नये म्हणून अनेक शिकारी सायलेन्सर लावून ‘सबसॉनिक’ काडतुसे वापरतात. पण गोळीची निवड चुकली तर जखमी जनावर झाडीत शिरते आणि तासन्‌तास तडफडते.

सबसॉनिक म्हणजे काय?

२० अंश सेल्सियसला हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. गोळी त्याहून वेगाने गेली की ‘कडाड्’ असा आवाज होतो. तो नळीबाहेर हवेत तयार होत असल्याने सायलेन्सर तिथे निरुपयोगी. म्हणून गोळीचा वेग ३२० मीटरच्या आसपास ठेवतात. अगदी काठावरचा वेग चालत नाही, कारण शून्य अंशाला ध्वनीचा वेगही ३३१ मीटरवर येतो.

मग जड गोळी घेतली की झाले?

नाही. ‘.३०८ विंचेस्टर’ची १५० ग्रेनची (९.७ ग्रॅम) गोळी सेकंदाला ८६० मीटर वेगाने सुटली, तर तिची ऊर्जा सुमारे ३,६०० जूल भरते. ‘.३०० ब्लॅकआउट’मधील २०० ग्रेनची सबसॉनिक गोळी जड असूनही जेमतेम ६६० जूलवर थांबते.

खरी गोम मात्र गोळीच्या रचनेत आहे. शिकारीची गोळी जनावराला लागताच अळंबीसारखी फुलते आणि मोठी जखम करते. नेहमीच्या अनेक गोळ्यांना त्यासाठी साधारण ५५० मीटरचा वेग लागतो. ३२० मीटरला त्या न फुलताच आरपार जातात. नेमबाजीच्या २२० ग्रेनच्या गोळ्या तर आणखी फसव्या. त्यांच्या टोकाला छिद्र दिसते, पण ते फुलण्यासाठी नसते. खोक्यावर ‘सबसॉनिक’ लिहिले आहे एवढ्यावर त्या शिकारीला नेणे चुकीचेच.

म्हणून पाहायचा आकडा एकच : गोळी किमान किती वेगाला फुलते? आणि वेग मोजायचा तो जनावरापाशी पोहोचल्यावरचा. हॉर्नडीची १९० ग्रेनची ‘सब-एक्स’ अशाच कमी वेगासाठी बनवलेली आहे. टोकाला आधीच खाचा पाडलेल्या तांब्याच्या गोळ्याही मिळतात.

बंदूकही तपासावी लागते. लांब, जड गोळी स्थिर राहण्यासाठी नळीतील आट्यांचा पीळ घट्ट हवा. ‘ब्लॅकआउट’मध्ये तो साधारण ७ ते ८ इंचांत एक फेरा असतो, तर ‘.३०८’मध्ये बहुधा १० ते १२ इंचांत. डगमगणारी गोळी सायलेन्सरलाच आतून धडकू शकते.

अंतर किती?

१०० मीटरवर ही गोळी नळीच्या रेषेपासून सुमारे अर्धा मीटर खाली येते आणि १५० मीटरवर एक मीटरहून जास्त. अंधारात अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी नेम पोटात किंवा पायावर जातो. त्यामुळे १०० मीटरच्या आतच बार टाकणे शहाणपणाचे.

कायदा काय म्हणतो?

कोलोरॅडोत हरणाच्या शिकारीसाठी फुलणारी गोळी आणि १०० यार्डांवर किमान १,००० फूट-पाउंड (सुमारे १,३५६ जूल) ऊर्जा बंधनकारक आहे. म्हणजे गोळी कितीही चांगली फुलो, सबसॉनिक ‘ब्लॅकआउट’ तिथे बाद. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार शिकारीवर बंदी आहे. पिकात शिरणाऱ्या रानडुकराला मारायचे असले तरी अधिकृत परवानगी लागते.