भांडण चालू द्या, बैठक मोडू नका!

गिरणीकामगार भावांनो,

२०२५ सालच्या मार्च महिन्यात बीडच्या पोलीस दलात एक नवी रीत सुरू झाली. टेबलावरच्या पाटीवर फक्त पहिलं नाव, आडनाव गाळलेलं! असा हुकूम काढण्याची पाळी का यावी? फिर्याद घेऊन आलेला माणूस आधी पाटी वाचणार, ‘हा आपला की त्यांचा’ हे मनाशी ठरवणार, आणि मगच तोंड उघडणार, अशी हवा जिल्ह्यात झाली म्हणून! हुकूम चांगला होता, त्याला आमचा नमस्कार. पण पाटीवरचं आडनाव पुसता येतं. माणसाच्या नजरेत शिरलेलं आडनाव कोणत्या फडक्यानं पुसायचं?

तुम्ही म्हणाल, बीडचं गाऱ्हाणं आम्हाला कशाला? आमच्या गिरण्यांचे भोंगे थांबून जमाना लोटला. काही सोलापुरात आहोत, काही इचलकरंजीच्या आणि भिवंडीच्या मागांवर. आमचं आम्हाला थोडं आहे का? पण भावांनो, बीडमध्ये आज जे बिघडलंय ते कशानं बिघडतं, हे गिरणीकामगाराइतकं कुणालाच ठाऊक नाही. तुम्ही ते भोगलंय. म्हणून ही दाद तुमच्याकडे.

आधी घडलं काय ते पाहा. १ सप्टेंबर २०२३ रोजी शेजारच्या जालना जिल्ह्यात अंतरवाली सराटीला मराठा आरक्षणाच्या उपोषणावर लाठीमार झाला. ३० ऑक्टोबरला बीड जिल्ह्यात जाळपोळ झाली. माजलगावला आमदार प्रकाश सोळंके यांचं घर पेटलं, बीडला आमदार संदीप क्षीरसागर यांचं पेटलं. एक मराठा, दुसरे ओबीसी. आगीनं दोघांना सारखंच धरलं! मग आली २०२४ ची लोकसभा. बजरंग सोनवणे आणि पंकजा मुंडे यांच्यात फरक पडला अवघा ६,५५३ मतांचा. निकाल लागला, पण निवडणूक काही संपली नाही. ‘त्यांच्या’ दुकानातून माल घेऊ नका, ‘त्यांच्या’ हॉटेलात चहा पिऊ नका, अशा शपथा सुरू झाल्या. त्याच वर्षी दसऱ्याला एकाच जिल्ह्यात दोन प्रचंड मेळावे भरले. एक नारायणगडावर, दुसरा सावरगाव घाटाला भगवानभक्तीगडावर. गंमत पाहा, ज्या भगवानबाबांच्या नावानं दुसरा मेळावा, त्या बाबांना दीक्षा मिळाली ती नारायणगडावरच, माणिकबाबांकडून! गड दोन, पण गुरुपरंपरा एक. हे सांगायला मात्र कुठल्याही व्यासपीठावर कुणाला सवड नाही.

आणि ९ डिसेंबर २०२४ ला केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांना पळवून नेऊन हाल हाल करून मारलं. पवनचक्की कंपनीकडे मागितलेल्या खंडणीच्या आड ते आले म्हणून हा खून झाला, असा तपासाचा आरोप आहे. खटला न्यायालयात आहे. पण लोकांनी काय केलं? मारणारा कोण, मेलेला कोण, यांची जात मोजली. खंडणीचा प्रश्न बाजूला पडला आणि आडनावाचा पुढं आला. यात फायदा कुणाचा? खंडणी मागणाराचा!

बीड हे असंच होतं, असं कुणी म्हणेल तर त्यानं मतदारयाद्यांचा इतिहास वाचावा. १९६७ साली याच बीडनं लोकसभेवर कुणाला पाठवलं? क्रांतिसिंह नाना पाटलांना! साताऱ्याकडचा माणूस, कम्युनिस्ट पक्षाचा उमेदवार. ना इथली सोयरीक, ना इथली शेतीवाडी. १९७७ साली मार्क्सवादी गंगाधरअप्पा बुरांडे निवडून आले. १९८०, १९८४ आणि १९९१ साली काँग्रेसच्या केशरकाकू क्षीरसागर. तेली समाजातली बाई. २००९ आणि २०१४ साली भाजपचे गोपीनाथ मुंडे. लाल, तिरंगा, भगवा, सगळे रंग या जिल्ह्यानं पाहिले. जात तेव्हा नव्हती असं नाही. होती, आणि चांगली घट्ट होती. पण पक्ष बदलता येत होता, मत बदलता येत होतं. आज मत बदलणारा माणूस ‘गद्दार’ ठरतो. हीच खरी बिमारी.

आता कुणी सज्जन पुढं होऊन म्हणतील, भांडू नका, एकोप्यानं राहा. आम्ही तसं म्हणणार नाही. ज्याचं पोट भरलेलं असतं त्याला एकोप्याचं प्रवचन सुचतं. भांडणाशिवाय कामगाराला कधी काही मिळालंय काय? बोनस भांडून मिळाला, आठ तासांचा दिवस भांडून मिळाला, आणि महाराष्ट्र? तोही भांडूनच मिळाला! भांडण म्हणजे लोकशाहीचा श्वास. पण भांडण कसं करावं, त्याचीही एक रीत असते.

संयुक्त महाराष्ट्र समिती आठवा. ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात ती स्थापन झाली तेव्हा एका छपराखाली कोण कोण आलं? प्रजासमाजवादी आणि कम्युनिस्ट. ४२ च्या लढ्यापासून एकमेकांचं तोंड न बघणारे! शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन. एस. एम. जोशी आणि डांगे यांचं कामगारांच्या युनियनवरूनही हाडवैर. त्यांनी आपापली मतं सोडली का? मुळीच नाही. मतं घरी ठेवली नाहीत, बरोबर घेऊन आले, आणि एका मागणीवर सह्या केल्या. काम झालं तशी पुढं समिती मोडली, हेही खरं. पण मुंबईसह महाराष्ट्र १ मे १९६० ला हाती आला तो आलाच.

आणि प्रतापगड! ३० नोव्हेंबर १९५७. पंडित नेहरू शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला येणार. दोनच वर्षांपूर्वी फ्लोरा फाउंटनला गोळीबार झालेला, शंभरावर माणसं या लढ्यात गेलेली. लोकांच्या मनात अंगार. अशा वेळी पसरणीच्या घाटात हजारो माणसं काळी निशाणं घेऊन उभी राहिली आणि एक दगड भिरकावला गेला नाही! यशवंतराव चव्हाणांचं सरकारही निदर्शकांवर तुटून पडलं नाही. निषेध पुरता झाला, आणि बोलण्याचा दरवाजाही उघडा राहिला. अडीच वर्षांत दिल्लीला ऐकावं लागलं. राग गिळून टाकणं वेगळं आणि राग रांगेत उभा करणं वेगळं. रांगेत उभा केलेला राग सरकारला जास्त भारी पडतो.

आता उलटा दाखला. तो तुमच्याच घरचा आहे. १८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंतांच्या पाठीमागं अडीच लाखांच्या आसपास गिरणीकामगार बाहेर पडले. मागण्या खऱ्या होत्या. मग संप बुडाला का? कारणं पुष्कळ, पण एक कारण असं की बोलायला बैठकच नव्हती! १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानं मान्यता एकाच संघाला. कामगार ज्याच्या पाठीमागं, त्याला खुर्ची नाही. आणि ज्याला खुर्ची, त्याच्या पाठीमागं कामगार नाहीत. सरकारनं सामंतांशी बोलायचं नाकारलं. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. तो विझत गेला. खोल्या रिकाम्या झाल्या, पोरं रस्त्यावर आली, गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले. हे शिकायला आपण केवढी फी भरली! ज्या भांडणाला बैठक नसते, त्या भांडणाला तडजोड नसते. आणि ज्याला तडजोड नसते, त्यात गरीब आधी संपतो.

याच बाबतीत बीडनं आपल्याला शिकवावं अशी एक गोष्ट आहे, आणि ती बीडच आज विसरून चाललंय. दिवाळी झाली की बीडची लाखो माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि सहा महिने कोपीत काढायचे. या टोळ्यांत वंजारी आहेत, मराठे आहेत, बंजारा आहेत, दलित आहेत. उसाचं पातं कुणाची जात विचारून हात कापत नाही. दर वाढवून हवा असला की ‘कोयता बंद’ची हाक द्यायची. मग लवाद बसायचा. लवादात कोण? एका बाजूनं भाजपचे गोपीनाथ मुंडे, दुसऱ्या बाजूनं राष्ट्रवादीचे शरद पवार! जाहीर सभेत एकमेकांना फाडून खाणारी माणसं. पण मजुरीचा दर ठरवायला समोरासमोर बसायची, आकडा ठरायचा, कागद व्हायचा. मुंडे २०१४ साली गेले, तरी ती रीत मोडली नाही. जानेवारी २०२४ मध्ये, म्हणजे माजलगावच्या आगीची राख पुरती निवली नव्हती तेव्हा, शरद पवार आणि पंकजा मुंडे पुण्यात कारखानदार आणि संघटनांसह बसले आणि तोडणीच्या मजुरीत ३४ टक्के वाढ ठरली. सांगा, राजकीय वैर तेवढ्यात संपलं होतं का? नाही. पण वैर दाराबाहेर ठेवून आत बसता येतं, हे सिद्ध झालं.

या लवादाची आम्ही आरती ओवाळत नाही. त्यात खोट आहे. बैठकीत पुढारी असतात, मुकादम असतात. कोयता धरणारी बाई नसते. म्हणून तिचं दुखणं कागदावर येत नाही. २०१९ साली विधिमंडळात सांगितलं गेलं, बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ बायकांची गर्भाशयं काढली. केवढा हा आकडा! ज्याला बैठकीत जागा नाही, त्याचं दुःख असं मोजून मोजून नंतर कळतं. आपल्याही घरात हे घडलंय. धोट्यात धागा तोंडानं ओढायचा म्हणून साचेखात्यात अस्पृश्य कामगाराला मज्जाव होता, आणि तो करणारे मालक एकटे नव्हते, आपलेच भाऊ होते. १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो सवाल पुढं केला, तेव्हा ‘एकीत फूट पाडू नका’ म्हणणारे होतेच. फूट सवालानं पडत नाही. सवाल दाबल्यानं पडते.

आता आरक्षणाकडे या. कोरडवाहू दोन एकरांवर राबणारा मराठा खोटा बोलत नाही. आपल्या ताटातली भाकरी जाईल म्हणून धास्तावलेला माळी, धनगर, वंजारीही खोटा बोलत नाही. दोघांची पोरं एकाच जागेचा फॉर्म भरतात. मग सरकारनं काय केलं? ऑगस्ट २०२५ अखेर आझाद मैदानावर मनोज जरांगे यांचं उपोषण झालं. त्यांच्याशी एक उपसमिती बोलली, २ सप्टेंबरला हैदराबाद गॅझेटचा निर्णय निघाला. ओबीसींत खळबळ झाली, तर लगेच त्यांच्यासाठी दुसरी उपसमिती! एका खोलीत एकाला शब्द, दुसऱ्या खोलीत दुसऱ्याला शब्द. दोन्ही खोल्यांच्या मधली भिंत तशीच! याला तडजोड म्हणत नाहीत. आपला मालक दोन युनियनना दोन दारांनी आत घ्यायचा आणि दोघांनाही खूश करून पाठवायचा, ते काय तुम्ही विसरलात?

आमची मागणी साधी आहे. बीड जिल्ह्यात मराठा आणि ओबीसी संघटनांचे प्रतिनिधी एका टेबलावर बसवा. त्यात बाया असू द्या, ऊसतोड मजूर असू द्या, विद्यार्थी असू द्या, दलित-मुसलमान असू द्या. कोणत्या दाखल्यानं कुणाच्या किती जागा वाढतात नि कुणाच्या घटतात, याचे आकडे सर्वांपुढं ठेवा. पटेल ते लिहा, न पटेल तेही लिहा, आणि तो कागद ग्रामसभेत मोठ्यानं वाचा. १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात तंटामुक्त गाव मोहीम आहे. गावोगाव समित्यांच्या पाट्या लागल्या, बक्षिसं वाटली. त्या समित्या आज कुठं आहेत? बांधाचा तंटा मिटवायला समिती, आणि गावच दोन तुकडे व्हायला निघालं तर समिती घरी?

एक गोष्ट मात्र ठणकावून सांगतो. खून हा तंटा नव्हे. खंडणी हा मतभेद नव्हे. मस्साजोगच्या लेकराबाळांना कुणी ‘मिटवून घ्या’ म्हणेल तर त्याची जीभ झडो! गुन्ह्याला एकच जागा, कोर्ट. बैठक आहे ती हक्काच्या भांडणासाठी. जो गुन्हेगाराला जातीच्या पांघरुणात घेतो, तो स्वतःच्याच जातीला बुडवतो. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण उगाच झाली नाही. आणि लोकांना हे कळत नाही असंही नाही. २८ डिसेंबर २०२४ ला बीडला सर्वपक्षीय मोर्चा निघाला. एरवी एकमेकांच्या विरुद्ध लढणारे पुढारी त्यात एका रस्त्यानं चालले.

तुम्ही काय कराल? गावी जाल तेव्हा दुकानावरचं आडनाव वाचून पाय मागं घेऊ नका. मोबाईलवर ‘त्यांना धडा शिकवा’ असं आलं तर ते पुढं ढकलू नका. आपला माणूस असला तरी त्याला विचारा, ‘मागणी काय ते सांग, शिवी नको.’ विरोधी सभेला एकदा तरी जाऊन शेवटपर्यंत बसा. आणि तरण्या पोरांना ८२ चं सगळं सांगा. मालकानं हरवलं एवढंच नाही, बोलायला जागा उरली नाही म्हणूनही हरलो, हे सांगा.

भावांनो, हे राज्य भाषेवर उभं राहिलं. भाषा कशासाठी असते? एकमेकांशी बोलण्यासाठी! मराठी बोलणाऱ्या दोन माणसांनी एकमेकांशी बोलणंच टाकलं, तर शंभरावर हुतात्म्यांनी रक्त सांडून मिळवलेल्या या राज्याचं करायचं काय?

भांडा. हक्कासाठी कडकडून भांडा. पण बैठक मोडू नका!