वास्तू जपता, मग झऱ्याचे काय?

हिमाचलातल्या कसौलीत एडवर्ड डायर यांनी एकोणिसाव्या शतकात बिअरचा कारखाना काढला, तो डोंगरातल्या झऱ्याच्या भरवशावर. पुढे बिअर बनवण्याचे काम सोलनला हलले. कारण तिथले मुबलक गोडे पाणी. म्हणजे कारखान्याची जागा पाण्याने ठरवली, भिंती नंतर आल्या. जुनी वास्तू वारसा ठरवताना आपण मात्र भिंतीच मोजतो. वऱ्हाडातच पाहा: अमरावतीचे वडाळी आणि छत्री तलाव ब्रिटिशकाळात शहराची तहान भागवण्यासाठी बांधले गेले. आता शहराला ऊर्ध्व वर्धा धरणाचे पाणी मिळते, अकोल्याला महानच्या काटेपूर्णा धरणाचे. नळाला पाणी लांबून येऊ लागले की जवळच्या तलावाला कोणी वाली उरत नाही. मद्याच्या कारखानदाराला निदान नफ्यासाठी तरी झरा राखावा लागतो!

कुणी म्हणेल, दारूच्या कारखान्याचा दाखला वऱ्हाडाला कशाला? आक्षेप रास्त आहे. 2016 च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यउद्योगाचे पाणी निम्म्याहून अधिक कापायला लावले, ते योग्यच होते. आधी पिण्याचे पाणी. पण त्याच न्यायाने तलावांचे पाणलोट राखायला हवेत. त्यांचे पाणी आता कोण पितो, हा प्रश्न अपुरा आहे, कारण तलाव भूजलही भरतो. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात गोड्या विहिरीची किंमत काय, हे अकोल्याच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. म्हणून वारसायादीत वास्तूसोबत तिचा जलस्रोत आणि पाणलोटाची हद्दही नोंदवावी, आणि त्या हद्दीत बांधकामाला परवानगी नसावी.