उंबरठा आणि पारपत्र

परदेशात घर घेण्याची आकांक्षा भारतीय मध्यमवर्गाला आता नवी राहिलेली नाही. दुबईने २००२ पासून ठरावीक भागांत परकीयांना मालकी हक्क खुला केला. उलट कॅनडाने जानेवारी २०२३ पासून परकीयांच्या घरखरेदीला मनाई केली आणि ऑस्ट्रेलियाने एप्रिल २०२५ पासून जुन्या घरांची खरेदी त्यांच्यासाठी तात्पुरती बंद केली. या निर्बंधांची चर्चा आपल्याकडे हिरिरीने होते. मात्र परकीय नागरिक भारतात स्वतःचे घर घेऊ पाहतो तेव्हा आपला कायदा त्याच्याशी कसा वागतो, हे क्वचितच तपासले जाते. तसे ते तपासायचे, तर लखनौइतके बोलके शहर दुसरे नाही.

पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातून आलेल्या अल्पसंख्याकांना नागरिकत्व देण्याचे अधिकार केंद्राने डिसेंबर २०१६ मध्ये ज्या १६ जिल्ह्यांच्या प्रशासनाला दिले, त्यांत मुंबई, ठाणे, पुणे व नागपूर यांच्यासह लखनौचाही समावेश होता. नागरिकत्व मिळेपर्यंत ही मंडळी दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहतात. परकीय चलन कायद्याखालील २०१९ च्या नियमांनुसार त्यांना राहण्यासाठी एक घर आणि उपजीविकेसाठी एक जागा घेता येते. पैसा कोठून आला हे महसूल अधिकाऱ्यांना लिहून द्यावे लागते. खरेदीखतात परकीय नागरिकत्वाची नोंद करावी लागते. नागरिकत्वापूर्वी घर हस्तांतरित करायचे, तर पूर्वपरवानगी लागते. छावणी क्षेत्रात वा त्याच्या आसपास घर घेता येत नाही. लखनौची छावणी शहराला लागूनच आहे, हे लक्षात घेतले म्हणजे ‘आसपास’ या शब्दाची व्याप्ती किती मोठी ठरू शकते, हे कळते.

ही सवलत केवळ हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती यांच्यासाठी आहे. भारतीयाशी विवाह करून येथे संसार थाटलेल्या पाकिस्तानी मुस्लिम स्त्रीला दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळू शकतो. पण स्वतःच्या नावे घर घ्यायचे, तर रिझर्व्ह बँकेची पूर्वपरवानगी हवी. त्याविना पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा एवढीच तिची मर्यादा.

या शहराला प्रश्नाची दुसरी बाजूही ठाऊक आहे. महमूदाबादचे राजे १९५७ मध्ये पाकिस्तानचे नागरिक झाले. त्यांचे पुत्र मात्र भारतीयच राहिले. तरीही १९६५ च्या युद्धानंतर बटलर पॅलेस आणि हजरतगंजमधील इमारतींसह त्यांची मालमत्ता ‘शत्रू मालमत्ता’ म्हणून सरकारच्या ताब्यात गेली. दीर्घ लढ्यानंतर २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुत्राच्या बाजूने निकाल दिला. २०१७ च्या दुरुस्तीने तो निष्प्रभ केला: शत्रूचा वारस भारतीय असला तरी त्याला वारसाहक्क नाही, आणि हे पूर्वलक्षी प्रभावाने! बाप परका ठरला म्हणून नागरिक असलेल्या मुलाचे घर गेले. २०२३ मध्ये ते पुत्रही निवर्तले.

परकीयांच्या मालकीवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्राला आहे. सीमावर्ती भाग, लष्करी तळ आणि शेतजमीन यांबाबत सावधगिरी हवीच. परंतु राजवाडे व बाजारपेठा यांना लावायचा निकष दोन खोल्यांच्या घराला लावणे म्हणजे सुरक्षेच्या नावाखाली संशयालाच धोरण बनवणे होय. अर्जदाराच्या पार्श्वभूमीची कसून चौकशी करावी. मात्र ती त्या व्यक्तीची असावी, तिच्या धर्माची वा पित्याच्या पारपत्राची नव्हे.

त्यासाठी कायद्याचा सांगाडा मोडण्याची गरज नाही. परवानगीच्या अर्जावर ठरावीक मुदतीत कारणांसह निर्णय द्यावा. निषिद्ध क्षेत्राची हद्द नकाशावर जाहीर करावी. एका राहत्या घराची सवलत वैध दीर्घ वास्तव्य सिद्ध करणाऱ्या प्रत्येकाला मिळावी. आणि रीतसर नोंदलेले राहते घर पुढे कोणत्याही पूर्वलक्षी दुरुस्तीने हिरावले जाणार नाही, याची हमी कायद्यातच असावी. आज लखनौत किंवा नागपुरात कर्ज काढून घर घेणारे निर्वासित कुटुंब सरकारी नोंदींवर विसंबून आयुष्यभराची कमाई गुंतवते. उद्या दोन देशांचे संबंध बिघडले तरी ती नोंद टिकेल, एवढा भरवसा राज्यसंस्थेने त्याला द्यायलाच हवा.