डालड्याचे लाडू, साजूक तुपाचं लेबल

मंडळी, आधी एक गोष्ट स्पष्ट करून टाकू. केक बॉल म्हणजे लाडू. उगाच परदेशी पाहुणा समजून बिचकायचं कारण नाही. केकचा चुरा करायचा, त्यात काहीतरी ओलसर-गोड घालून मळायचा, गोळे वळायचे आणि वितळलेल्या चॉकलेटमध्ये बुडवून काढायचे. शिळ्या पोळ्यांचा चुरा करून, गूळ-तूप घालून आई जो लाडू वळते त्याचाच हा चुलतभाऊ. फक्त कोट घालून आलेला. बेकरीवाल्यांना तर ही युक्ती फार जुनी. केक चौकोनी दिसावा म्हणून कडा कापल्या की त्या तुकड्यांचे रमबॉल होतात. काही वाया घालवायचं नाही, हा सगळ्याच स्वयंपाकघरांचा पहिला नियम.

अमेरिकेत २००८ साली अँजी डडली या बाईंनी हे गोळे काडीवर खोचून लॉलीपॉपसारखे सजवले. २०१० मध्ये त्यांचं 'केक पॉप्स' हे पुस्तक आलं आणि तो प्रकार जगभर पोचला. आता आपल्याकडे पुण्या-मुंबईत वाढदिवसाच्या ऑर्डरी, दिवाळीचे गिफ्ट बॉक्स, सोसायटीतली प्रदर्शनं, सगळीकडे सहा-सहाच्या खोक्यांत हे गोळे विराजमान असतात. खोक्यावर रिबीन, रिबिनीवर गोल स्टिकर, आणि स्टिकरवर 'होममेड चॉकलेट केक बॉल्स'.

त्या तीन-चार शब्दांतल्या 'केक'बद्दल आणि 'बॉल्स'बद्दल माझी तक्रार नाही. 'होममेड'बद्दल थोडी आहे. पण खरं भांडण आहे ते 'चॉकलेट' या शब्दाशी. कारण बहुतेक वेळा त्या खोक्यात चॉकलेट नसतंच!

कुठलीही 'सोप्पी' रेसिपी उघडून बघा. साहित्यात लिहिलेलं असतं : डार्क कंपाउंड, ३०० ग्रॅम. कृतीत येतं : चॉकलेट मायक्रोवेव्हमध्ये वितळवून घ्या. साहित्यापासून कृतीपर्यंत यायच्या चार ओळींत 'कंपाउंड' शब्दाची वाफ झाली. गंमत म्हणजे स्लॅब बनवणारा कारखाना खोटं बोलत नाही. चॉकलेट कशाला म्हणायचं याची व्याख्या आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमांत आहे, त्यामुळे स्लॅबच्या वेष्टनावर 'कंपाउंड' असं छापलेलं असतं. खोटं सुरू होतं ते ते वेष्टन आपल्या ओट्यावर फाडल्यानंतर. कंपनी खरी आणि घर खोटं, असा उलटा प्रकार मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

आता हे कंपाउंड म्हणजे नेमकं काय? खऱ्या चॉकलेटमध्ये कोकोच्या बियांतला घन भाग असतो आणि त्याच बियांतली चरबी, म्हणजे कोको बटर. कंपाउंडमध्ये कोको पावडर असते, पण कोको बटर काढून त्याजागी दुसरी वनस्पतिजन्य चरबी घालतात. बरेचदा ती पामच्या बियांच्या गरापासून काढलेली असते. ती स्वस्त असते, लवकर घट्ट होते आणि फारसे नखरे करत नाही. खाताना मात्र जिभेवर मेणाचा पातळ थर राहतो आणि गोडी आधी येते, कोको मागाहून. कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळतं, म्हणजे खोलीत घट्ट आणि तोंडात पाणी. चॉकलेट 'विरघळतं' असं आपण म्हणतो ते याच एका आकड्यामुळे. तो आकडा काढून घेतलात तर राहतो तो तपकिरी गोड लेप.

"अरे पण एवढं काय त्यात? चवीला लागतं की छान!" हा पहिला बचाव. याला माझं उत्तर आपल्याच घरातलं आहे. डालड्यात केलेला बेसनाचा लाडूही लागतो की छान. पण तो 'साजूक तुपातला' म्हणून कोणी विकला तर आपल्या घरातली बायामाणसं त्याला उभं सोलतील. डालडा खाल्ला म्हणून कोणाचं भांडण नव्हतं हो, भांडण होतं तुपाचं नाव लावण्याशी. सरकारलाही ते इतकं पटलं होतं, की वनस्पती तुपात किमान ५ टक्के तिळाचं तेल घालायची सक्ती केली गेली. कशासाठी? तर तिळाच्या तेलावर एक रासायनिक चाचणी करता येते. साजूक तुपात वनस्पती मिसळलं असेल तर आम्ल आणि फरफ्युरॉल टाकल्यावर नमुना लालसर होतो आणि चोर पकडला जातो. आमच्या भाषेत सांगायचं तर वॉटरमार्क थेट मालातच हार्डकोड केला होता. कंपाउंडला असा वॉटरमार्क नाही. त्याची ओळख फक्त वेष्टनावर, आणि वेष्टन कचऱ्याच्या डब्यात!

हे फार ताणलेलं वाटत असेल तर युरोपात काय झालं ते ऐका. १९७३ साली ब्रिटन युरोपीय समुदायात शिरला. ब्रिटिश चॉकलेटमध्ये ५ टक्क्यांपर्यंत दुसरी चरबी चालायची, फ्रान्स-बेल्जियमसारख्या देशांत अजिबात नाही. याला चॉकलेट म्हणायचं की नाही यावरून ही मंडळी जवळजवळ तीस वर्षं भांडली. शेवटी २००० साली नियम झाला : ५ टक्क्यांपर्यंत चालेल, पण ठरलेल्या सहाच चरब्यांपैकी, आणि लेबलवर तसं स्पष्ट लिहून. त्यानंतरही इटली आणि स्पेन अशा मालाला 'चॉकलेटचा पर्याय' असंच नाव द्या म्हणून अडून बसले, तेव्हा २००३ मध्ये युरोपच्या न्यायालयाला निकाल द्यावा लागला. आणि त्या सहा चरब्यांच्या यादीत कोण बसलंय माहितीये? आपलं कोकम! कोकमाच्या बियांचं तेल, कोकणात ज्याला मुठेल म्हणतात आणि आज्या ज्याचा गोळा टाचांच्या भेगांवर घासायच्या, ते. त्याची रचना कोको बटरच्या जवळची आहे म्हणून त्याला तो मान मिळाला. कंपाउंडमधली पाम-गराची चरबी मात्र त्या यादीत बसत नाही. म्हणजे तिकडे पाच टक्क्यांसाठी तीस वर्षं वाद, आणि आपण शंभर टक्के बदलून टाकतो आणि वर रिबीन बांधतो.

दुसरा बचाव : "टेंपरिंग फार अवघड असतं, ते शेफ लोकांचं काम." हा मला सर्वांत जास्त चीड आणणारा बचाव आहे, कारण तो देणारे निम्मे लोक इंजिनियर असतात. दिवसभर सर्व्हरचे लॉग वाचणाऱ्या माणसाला थर्मामीटर वाचता येत नाही?

कोको बटर सहा प्रकारच्या स्फटिकांत गोठू शकतं. त्यांना १ ते ६ असे नंबर आहेत. आपल्याला पाचवा हवा असतो. तोच चकाकतो, तोच कटकन मोडतो. चॉकलेट नुसतं वितळवून तसंच गार केलं तर खालच्या नंबरांची गर्दी होते आणि कोट मऊ, मळकट, बोटाला चिकटणारा होतो. तेव्हा करायचं एवढंच : ३०० ग्रॅम खरं डार्क चॉकलेट घ्यायचं (घटकांत कोको बटर हवं आणि दुसरी वनस्पती चरबी नको, एवढं वाचायचं). त्यातलं २०० ग्रॅम गरम पाण्यावरच्या भांड्यात ४५ अंशांपर्यंत वितळवायचं. खाली उतरवून उरलेलं १०० ग्रॅम बारीक चिरून त्यात घालायचं आणि ढवळत राहायचं. चिरलेल्या तुकड्यांत पाचव्या नंबरचे स्फटिक आधीच असतात, ते बाकीच्यांना वळण लावतात. विरजण लावतो ना, अगदी तसं. ३१-३२ अंशांवर आलं की तयार. मिल्क चॉकलेट असेल तर २९-३०. सुरीच्या टोकावर थोडं लावून बघायचं, पाचेक मिनिटांत चमकदार घट्ट झालं म्हणजे जमलं. पाण्याचा थेंब मात्र पडता कामा नये, नाहीतर सगळं चॉकलेट गोळा होऊन बसतं. झालं! यात अवघड काय आहे? ज्यांच्या घरी रोज रात्री दूध कोमट आहे की नाही हे करंगळीने तपासलं जातं, त्यांना हे शिकवायला नको.

आतल्या लाडवाचंही तसंच. ४०० ग्रॅम केकचा चुरा, साधारण १०० ग्रॅम बटरक्रीम किंवा तेवढंच कन्डेन्स्ड मिल्क, तेही एकदम न ओतता अंदाज घेत. मुठीत दाबून मुटका धरला की थांबायचं. वीस-वीस ग्रॅमचे पंचवीस गोळे होतात. अर्धा तास फ्रीजमध्ये, मग दहा मिनिटं बाहेर, मग चॉकलेटमध्ये. ती दहा मिनिटं वाचवली की गार गोळा नंतर फुगतो आणि वरच्या कवचाला तडा जातो. ते चॉकलेटच्या नावावर खपवू नका.

(एक उपसूचना : 'अर्धं कंपाउंड, अर्धं चॉकलेट' असा सुवर्णमध्य काढायला जाऊ नका. या दोन चरब्यांचं जमत नाही. मिश्रण दोघांपेक्षाही मऊ पडतं आणि काही दिवसांत पांढुरके डाग येतात. आघाडी सरकारं आपण बघतोच आहोत, अजून एक कशाला? :) )

तिसरा बचाव : "मुंबईच्या उकाड्यात खरं चॉकलेट टिकत नाही." हा मात्र दमदार आहे. ३३-३४ अंशांच्या स्वयंपाकघरात चॉकलेट घट्ट होणार नाही, हे भौतिकशास्त्र आहे, त्याच्याशी वाद नाही. पण डिंकाचे लाडू आपण वैशाखात करतो का? प्रत्येक पदार्थाला ऋतू असतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. केक बॉल डिसेंबर-जानेवारीत करा. बाकी वर्षभर कोट चढवायचं काम स्वयंपाकघरात न करता एसीच्या खोलीत करा. बेडरूममध्ये वर्तमानपत्र अंथरून लाडू वळले तर कोणाचं पोट दुखतंय? आणि मे महिन्यात ऑर्डर घ्यायचीच असेल तर सरळ लिहा, 'कंपाउंड कोटिंग'. गिऱ्हाईक पळून जात नाही. गेलंच, तर ते काय समजून घेत होतं हे तुम्हाला कळलं.

चौथा बचाव पैशांचा. खरं चॉकलेट महाग आहे, कबूल. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात कोको टनाला १२,००० डॉलरच्या वर गेला होता, तेव्हा तर सगळ्यांचेच डोळे पांढरे झाले. पण म्हणूनच तर हा प्रश्न नुसत्या चोखंदळपणाचा राहत नाही. तुमच्याच सोसायटीत एखादी मुलगी नोकरी सोडून बेकिंग करत असेल. ती महागाचं चॉकलेट आणते, रात्री अकराला थर्मामीटर धरून उभी राहते आणि तिचा खोका शंभर-दीडशे रुपयांनी महाग पडतो. शेजारच्या टेबलावर कंपाउंडचा खोका, नाव तेच, रिबीन जास्त चकचकीत. आपण स्वस्त तो उचलतो. दोन दिवाळ्यांत ती मुलगी एकतर दुकान गुंडाळते किंवा तीही कंपाउंड आणते. नाव फुकट वापरू दिलं की खरं काम करणाराच आधी मरतो.

आणि मुलं? ज्या पोराने पहिल्या वाढदिवसापासून कंपाउंडलाच चॉकलेट म्हणून खाल्लंय, त्याला खरं चॉकलेट दिलं तर ते म्हणतं, "कडू आहे." चूक त्याची नाही. शब्दाचा अर्थच आपण त्याला चुकीचा शिकवला.

एक स्पष्ट करतो : कंपाउंड विष आहे असं मी म्हणत नाहीये. ट्रान्स फॅटचा जुना बागुलबुवाही उभा करत नाही. जानेवारी २०२२ पासून तेला-तुपांत आणि ती वापरून केलेल्या पदार्थांत त्याची मर्यादा २ टक्क्यांवर आणली आहे. ज्याला परवडत नाही त्याने कंपाउंड आणावं, मजेत खावं, मुलांना द्यावं. घरात खाणाऱ्याला हिशेब द्यायची गरज नाही.

पण विकत असाल, भेट देत असाल, किंवा लोकांना रेसिपी शिकवत असाल, तर कृपा करून तो एक शब्द गाळू नका. चार अक्षरी शब्द आहे, स्टिकरवर मावतो. आणि विकत घेणाऱ्यांनो, तुम्ही फोन घ्यायच्या आधी प्रोसेसर कुठला ते विचारता, फ्लॅट घ्यायच्या आधी कार्पेट एरिया विचारता. पुढच्या वेळी खोका उचलताना एकच प्रश्न विचारा : "ताई, कोको बटर आहे का यात?"

खरं वापरणारीचा चेहरा खुलेल. हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारलेलाच नसेल.